वरून तिसरी ओळ

काही कामं अशी असतात की ती केल्यावर कुणाला सांगायचीही सोय नसते. डॉक्टरनं सांगितलं, आज एकाचं हृदय उघडलं, तर ऐकणारे हातातला चहा खाली ठेवतात. गवंड्याला निदान भिंत दाखवता येते. मी यादी लावली. माउसचं उजवं बटण दाबलं की पडद्यावर एक छोटी चौकट उघडते, तिच्यात 'उघडा', 'बदला', 'हलवा' अशी एकाखाली एक नावं असतात. त्या नावांचा क्रम मी लावला. हे वाक्य ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबले. त्यांना वाटलं, पुढे काहीतरी असेल.

पुढे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही, कारण अब्रू म्हणून जे काही असतं त्याची माझ्यापुरती निरवानिरव झाली आहे.

आमची कंपनी शाळांसाठी वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या वर्गावर कुठल्या तासाला कोण जाणार, याचे चौकोन पडद्यावर मांडायचे, हलवायचे, छापायचे. जग बदलून टाकणारं वगैरे काही नाही; पण ते नसेल तर एकाच वर्गात गणित आणि गायन एका वेळी सुरू होतं, आणि मग दोन्हींचं जे होतं ते ऐकवत नाही. एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान आहेत, त्यामुळे माझ्याशी फार आदरानं बोलतात. हा आदर मला घाबरवतो.

"बसा ना. तुमच्यासाठी एक नाजूक काम आहे," साहेब म्हणाले. "उजव्या बटणाचा मेनू. वर्षानुवर्षं जो जे बनवत गेला त्यानं ते त्यात घुसडलं. क्रमाला काही अर्थच राहिलेला नाही. तुम्ही तो जरा सोयीचा करून द्या."

"क्रम लावायचा?"

"क्रमच. छोटंसं आहे, पण तुमच्यासारखा अनुभवी माणूस हवा. हे नीट झालं की विभाग तुमच्याकडेच ठेवायचा असं माझ्या मनात आहे." मग टेबलावरची टाचणी नीट करत ते म्हणाले, "नाही झालं तरी काळजी करू नका. खाली मदत कक्षात अनुभवी माणसांची फार गरज आहे."

मदत कक्ष म्हणजे आमच्या इमारतीचा तळमजला. तिथे माणसं कानाला यंत्र लावून बसतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकतात. वरच्या मजल्यावर ज्याचं काय करावं हे कुणाला सुचत नाही, त्याला खाली पाठवायची आमच्याकडे पद्धत आहे. गेलेला माणूस परत वर आला असं अजून घडलेलं नाही. त्याची कुंडी तेवढी खिडकीत राहते आणि थोड्या दिवसांनी तीही सुकते.

घरी आलो. बायको वह्या तपासत होती. ती शाळेत शिक्षिका आहे, आणि आमचंच सॉफ्टवेअर वापरून सगळ्या शाळेचं वेळापत्रक दरवर्षी तीच करते. मी तिला म्हटलं, "एक मोठी जबाबदारी आली आहे."

"बढती?"

"जवळजवळ."

तिनं लाल पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्या क्षणी मी 'जवळजवळ' या शब्दाचा नीट खुलासा करायला हवा होता. मी हात धुवायला गेलो.

आता कामाला लागायचं तर लोकांना काय हवं ते विचारायला पाहिजे. सुरुवात मी शेजाऱ्यांपासून केली. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेब तपासनीस राहतात. त्यांना सगळी इमारत आक्षेपकाका म्हणते. त्यांनी माझं सगळं म्हणणं डोळे मिटून ऐकून घेतलं.

"यादीत एकूण नावं किती?"

"अकरा."

"अकरा का? कुणी मंजूर केली?"

"ती आधीपासूनच आहेत, काका."

"हाच माझा पहिला आक्षेप," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. "क्रम लावण्याआधी ती असावीत की नाही हे ठरलं पाहिजे. पुसण्याची सोय कशाला पाहिजे माणसाला? आम्ही आयुष्यात कधी खोडलं नाही. चुकलं तर लाल शाईनं वर लिहायचं, खाली सही. चूक दिसली पाहिजे." पुढे त्यांनी एका जुन्या कार्यालयातल्या खोडाखोडीची गोष्ट सांगितली. ती ऐकून मी खाली आलो तेव्हा आमच्याकडे जेवणं झाली होती.

माझा मेहुणा लिफ्टच्या कंपनीत आहे. त्याचं म्हणणं, सगळ्यात महत्त्वाचं बटण सगळ्यात खाली असतं, लिफ्ट बघा. समोरच्या दाराच्या डाएटवाल्या ताई म्हणाल्या, माणसाला अकरा गोष्टी दिल्याच की तो चुकीची उचलतो, तीनच ठेवा, आणि त्यातली एक 'पाणी प्या'. मी हे सगळं गंभीरपणे टिपून घेत होतो. बायको पलीकडच्या खुर्चीत बसून त्याच सॉफ्टवेअरवर काम करत असायची, तिच्या उजव्या हाताखाली ते बटण दिवसातून शेकडो वेळा टिकटिक करायचं, आणि मी तिला म्हणायचो, "जरा हळू गं, मी विचार करतोय." तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाचं मत घ्यायचं, तर त्याला अभ्यास कोण म्हणेल?

कचेरीत मेनू समिती नेमली गेली. एका माणसानं करायचं काम सहा जणांना दिलं की त्याला समिती म्हणतात. एरवी त्याला चालढकल म्हणतात. पहिल्याच बैठकीत अहवालवाले म्हणाले, 'अहवाल काढा' सगळ्यात वर हवं, कारण मुख्याध्यापक अहवाल बघतात आणि सॉफ्टवेअर विकत घ्यायचं की नाही तेही मुख्याध्यापकच ठरवतात. त्यावर छपाईवाले म्हणाले की तुमच्या आधीपासून आम्ही कंपनीत आहोत, आम्ही अहवालाच्या खाली बसणार नाही. 'छापा' हे कुठे बसतं याच्याशी छपाईवाल्यांच्या नोकरीतल्या ज्येष्ठतेचा काय संबंध, हे मी विचारलं. छपाईवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच खिडकी उघडायला उठलो.

मग कुणीतरी तोडगा काढला: दोघांच्या मध्ये एक रेघ मारू. म्हणजे कोणी कोणाच्या खाली राहत नाही, दोघांची दोन घरं होतात. सगळ्यांना पटलं. रेघ कला विभागाकडे गेली. तिथे एक मुलगी असते, तिला आम्ही रंगवाली म्हणतो. तिनं मला विचारलं, "काका, रेघ ठीक आहे, पण रेघेला म्हणायचं काय आहे?" मी तिला सांगितलं, रेघेला काही म्हणायचं नाही, रेघ गप्प राहण्यासाठीच आहे. ती म्हणाली, मग नको. तिच्या 'मग नको'ला लेखी उत्तर देण्यासाठी 'बदल-विनंती' नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यावर सुरक्षा अधिकाऱ्याची सही लागते. रेघेपासून सुरक्षेला काय धोका, हा प्रश्न मी विचारू शकलो असतो, पण सुरक्षा अधिकारी रजेवर होते.

असे दिवस जात होते. घरी बायको विचारायची, "काय म्हणतंय तुमचं मोठं काम?" मी म्हणायचो, "रंगात आलंय." ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "ह्यांच्याशिवाय तिथलं पानही हलत नाही." पान सोडा, एक रेघ हलत नव्हती. रात्री अंथरुणावर पडलो की मला तळमजला दिसायचा. मला झोप येईनाशी झाली, आणि कचेरीत झोप येऊ लागली.

शेवटी मला उपाय सुचला, आणि तो सुचला याचं मला आजही वाईट वाटतं. सॉफ्टवेअरमध्येच अशी सोय होती की कुठली ओळ किती वेळा वापरली गेली हे कळावं. मी म्हटलं, भांडता कशाला? जी जास्त वापरतात ती वर, जी कमी वापरतात ती खाली. लोकच ठरवतील. अहवालवाले गप्प झाले, कारण अहवाल मुख्याध्यापक बघतात खरे, पण वर्षातून एकदा. साहेबांनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "आकड्यांसमोर कोण बोलणार?"

आकडे आले. पहिलं 'उघडा', दुसरं 'बदला', आणि तिसऱ्या नंबरला, मला स्वतःलाही नवल वाटलं, 'पुसा'. म्हणजे लोक वेळापत्रक करताना जितकं मांडतात जवळजवळ तितकंच पुसतात. विचार केला तर बरोबर आहे. आपलं सगळ्यांचं तेच चाललेलं असतं. आजवर 'पुसा' यादीत तळाला पडून होतं आणि बिचाऱ्यांना दरवेळी तिथपर्यंत उतरावं लागत होतं. मी ते उचलून वरून तिसरं ठेवलं. तिसऱ्या जागेवर पूर्वी 'हलवा' होतं, ते सहाव्यावर गेलं. 'जुनी प्रत आणा' नावाची एक ओळ होती, रोजचं काम आपोआप साठवून ठेवलेलं असतं ते परत आणणारी. ती कुणीच वापरत नव्हतं. ती मी सगळ्यात खाली 'आणखी' नावाच्या कप्प्यात टाकून दिली.

तपासणी विभागानं एकेक ओळ दाबून बघितली. 'पुसा' दाबलं की पुसलं जातं, 'हलवा' दाबलं की हलतं. उत्तीर्ण. गिऱ्हाइकांना एक सूचनापत्रक गेलं. ते इतकं सविस्तर होतं की ते वाचायला घेतलेला माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून माझं नाव घेतलं. "या मेनूमागे एकच माणूस आहे," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतला एक जण डास मारत होता हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी घरी जाताना बायकोसाठी फुलं नेली. तिनं ती वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी पाण्यात ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फुलांचं कारण सांगत राहिली.

शाळा उघडायच्या सुमाराला फोन सुरू झाले.

एका शाळेत नववीचा सबंध आठवडा नाहीसा झाला. एका शाळेतून सगळं विज्ञान गेलं. एका गावात तर मुख्याध्यापकांनी स्वतः माउस हातात घेतला आणि स्वतःचाच तास पुसून टाकला. तिथले शिक्षक मात्र तक्रार करायला तयार नव्हते. पहिले काही दिवस आम्हाला कळेचना की झालंय काय. मग रंगवालीनं एका शाळेत जाऊन नुसतं बघितलं, आणि येऊन मला सांगितलं, "काका, ते वाचतच नाहीत."

"काय वाचत नाहीत?"

"मेनू. हातच जातो त्यांचा. उजवं बटण, वरून तिसरं, हलवा. डोळे कागदावर असतात."

एवढंच होतं. इतकी वर्षं लोकांचा हात तिसऱ्या ओळीवर जात होता. मी त्या ओळीवर 'पुसा' नेऊन ठेवलं. बरं, पुसण्याआधी सॉफ्टवेअर विचारतं, 'नक्की?' पण ते हलवण्याआधीही विचारतं, 'नक्की?', त्याच चौकटीत, त्याच अक्षरांत. आणि 'नक्की?' असं विचारलं की माणूस 'हो' म्हणतो. लग्नातही तेच होतं. राहत्या घरात एखाद्या शहाण्यानं काळोखात पायऱ्यांची उंची बदलावी, तसं मी करून ठेवलं होतं.

"मग जुना क्रम परत आणू," मी साहेबांना म्हटलं.

"आणायचा ना," साहेब आदरानं म्हणाले. "बदल-विनंतीचा अर्ज भरा."

अर्जावर पुन्हा समिती बसली. अहवालवाले म्हणाले, आता परत बदलायचंच आहे तर 'अहवाल काढा' सगळ्यात वर घ्या. छपाईवाले उठून उभे राहिले. शिवाय ज्या शाळा नव्यानं गिऱ्हाईक झाल्या होत्या त्यांचा हात एव्हाना नव्या क्रमाला बसला होता; जुना आणला तर त्यांचं पुसलं जाणार. सुरक्षा अधिकारी रजेवरून आले होते, त्यांनी हा धोका लेखी मांडला. तो अर्ज अजून विचाराधीन आहे. मी मात्र नव्हतो.

"निर्णय सगळ्यांचा होता," मी साहेबांना म्हटलं.

"हो ना. पण मेनूमागे एकच माणूस आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी मला दारापर्यंत सोडायला येऊन स्वतःच्या हातानं दार उघडलं. तेव्हाच समजलो.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणतात. ज्याचं भलतंच होतं त्याला दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत, त्याच दारातून आत जाऊन जिना चढायच्या ऐवजी उतरावं लागतं. तळमजल्यावर खिडक्या आहेत, पण त्यातून फक्त लोकांचे बूट दिसतात. मला कानाला लावायचं यंत्र मिळालं आणि काय बोलायचं त्याचा एक कागद मिळाला. 'आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' हे वाक्य मी दिवसभर म्हणायचो. बाकीचे लोक ते सवयीनं म्हणायचे. मी एकटाच मनापासून म्हणत होतो, आणि गिऱ्हाइकांना माझाच राग यायचा.

"कुणा गाढवानं केलंय हो हे?" ते विचारायचे.

"चौकशी चालू आहे," मी म्हणायचो.

घरी काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळी त्याच वेळेला, तशाच इस्त्री केलेल्या शर्टात निघायचो. संध्याकाळी बायकोनं विचारलं की म्हणायचो, "आज फार बैठका झाल्या." दिवसभर बोलून माझा घसा बसला होता, भांडं घासल्यासारखा आवाज येत होता. बैठकांत फार बोलावं लागतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मोठ्या माणसांचं असंच असतं." मला जेवण जाईना. आपल्याच घरात भाडेकरूसारखा वावरत होतो. लाज वाटायची, आणि ही लाज कोणापाशी बोलून दाखवायची तर बायको एकटीच होती, आणि तिच्यापासूनच तर सगळं लपवायचं होतं.

अशातच एका दुपारी यंत्र वाजलं. मी कागदावरचं म्हटलं, "नमस्कार, मदत कक्ष. आपली अडचण सांगा."

"नमस्कार भाऊ. मी शाळेतून बोलतेय."

बायको. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिनं मला भाऊ म्हटलं. मला वाटलं यंत्र काढून फेकावं आणि बाहेर रस्त्यावर, त्या बुटांमध्ये, निघून जावं. पण पर्यवेक्षक मागे उभा होता. मी बसक्या आवाजाला आणखी खाली ढकलून म्हटलं, "बोला मॅडम."

"माझं सगळं वेळापत्रक गेलं हो." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. घरी ती रडत नाही, वह्या जोरात आपटते. "सगळ्या शाळेचं. सोमवारी भिंतीवर लागायचंय. इतके दिवस घरच्या जुन्या आवृत्तीवर केलं, आज शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडलं. प्रार्थनेची वेळ बदलली म्हणून सगळा आठवडा निवडला, एक तास पुढे हलवायला. आणि बघते तर कोरं. आणि सवयीनं मी साठवून बंद पण करून टाकलं."

"आपण उजवं बटण दाबून काय निवडलंत?"

"हलवा."

"वाचून?"

"वाचायचं काय त्यात, भाऊ? वरून तिसरं."

मी कागदावरचं पुढचं वाक्य शोधलं. 'आपली गैरसोय झाली' इथपर्यंतच म्हटलं.

"गैरसोय नाही हो," ती म्हणाली. "परत मांडता येईल, चौकोन आहेत नुसते. पण आमच्याकडे एका बाईंना दिवस गेलेत, त्यांचे सगळे तास मी खालच्या मजल्यावर घेतले होते. चित्रकलेचे सर आणि विज्ञानाचे सर बोलत नाहीत एकमेकांशी, त्यांचे रिकामे तास एकत्र येऊ दिले नव्हते. एका सरांच्या आईला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यांचा शेवटचा तास मोकळा ठेवला होता. त्यांनी मागितला नव्हता. हे कुठे लिहिलेलं नाही. करताना सुचत जातं. परत बसले तर परत सुचेलच असं नाही."

ती हे सगळं आमच्या घरातल्या खुर्चीत बसून करत होती. मी पलीकडे बसून तिला हळू टिकटिक कर म्हणत होतो.

"मॅडम, घाबरू नका," मी म्हटलं. हे वाक्य कागदावर नव्हतं. "परत येईल. कोऱ्या पानावर जा. उजवं बटण दाबा. आता मात्र एकेक ओळ वाचा. सगळ्यात खाली 'आणखी' आहे."

"इतक्या खाली?"

"हो."

"तिथे कुणी ठेवलं?"

"कंपनीनं," मी म्हटलं. "त्यात 'जुनी प्रत आणा'. दिसलं? सावकाश. मी आहे."

ती वाचत होती ते मला ऐकू येत होतं, पुटपुटत, बोट ठेवल्यासारखं. मग बटणाचा आवाज आला. मी यंत्र कानाशी दाबून धरलं.

"आलं," ती म्हणाली. "आलं हो भाऊ. कालपर्यंतचं सगळं आलं. खालच्या मजल्यावरचे तास पण आले."

पर्यवेक्षक पुढच्या टेबलाकडे गेला. मी डोळे पुसले. मला वाटलं, आता ती ठेवेल. पण तिनं विचारलं, "ही तक्रार तुम्ही लिहून ठेवता का?"

"ठेवावी लागते."

"मग वर जाते?"

"जाते."

"नका लिहू," ती म्हणाली. "आमच्या घरचे तुमच्याच कंपनीत आहेत. हा मेनू त्यांनी लावलाय, फार खपले त्याच्यासाठी. त्यांच्या मेनूनं माझंच वेळापत्रक गेलं हे त्यांना कळलं तर ते जेवायचे नाहीत. आधीच जेवत नाहीत नीट."

मी कागद उलटून बघितला. मागेही काहीच नव्हतं.

"माणूस वाईट नाही," ती पुढे म्हणाली. "फक्त घरात विचारत नाहीत. आणि घरी काही विचारायला गेलं की माउसच हातातून काढून घेतात. तुम्ही किती नीट सांगितलंत."

फोन ठेवण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारावाच लागतो, नाहीतर पगारातून कापतात. मी विचारला. "मॅडम, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?"

"आजच्या सेवेबद्दल आहे," ती म्हणाली.

तक्रार मी लिहिली नाही. संध्याकाळी लांबच्या रस्त्यानं घरी आलो. दार उघडलं, तिनं नेहमीसारखी पिशवी घेतली, मी नेहमीसारखे बूट काढले. वेळापत्रकाचा विषय तिनं काढला नाही. मीही 'फार बैठका झाल्या' असं सांगायला तोंड उघडलं, पण निम्म्याच शब्दांत आवाज फाटला आणि नुसती खरखर निघाली.

ती स्वयंपाकघरात गेली आणि कोमट पाण्याचा पेला घेऊन आली. माझ्या हातात देत म्हणाली, "मीठ घातलंय. गुळण्या करा. दिवसभर फोनवर बोलायचं म्हणजे घसा बसणारच."

मी पेला घेऊन उभा राहिलो. तिला आज दुपारी कळलं, की पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. तिच्याकडे बघायचंही झालं नाही. मी मोरीशी गेलो आणि गुळण्या करू लागलो. त्यातली एक सोय अशी की त्या वेळी माणसाच्या गळ्यातून कसलाही आवाज निघाला तरी तो खपून जातो. मी सगळा पेला संपवला. मग नुसताच नळ सोडून उभा राहिलो.

"झालं का हो?" बाहेरून तिचा आवाज आला. "पान वाढलंय. आज जेवत नाही म्हणायचं नाही."